घरातल्या कॉम्प्युटरला कडी कोणत्या बाजूने?

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका सरांचा रात्री दहाच्या सुमारास फोन आला. म्हणाले, "सर, घरच्या कॉम्प्युटरवर फोल्डरला लॉक कसं लावायचं? पोरं सगळं उघडून बघतात." शाळेत मी 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणून ओळखला जातो. खरं तर मी भाषेचा शिक्षक. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो आणि गरज पडली की उर्दूचेही तास घेतो. पण प्रिंटर अडला, पेन ड्राइव्ह उघडेना, की सगळे माझ्याकडे येतात. त्या सरांना मी फोनवर पाच मिनिटांत काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. झोप मात्र लवकर लागली नाही. कारण या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मी दिलं होतं. उरलेलं अर्धं मला माझ्याच घरात, माझ्याच चुकीतून शिकावं लागलं आहे. ते आज लिहितो.

आधी आमच्या कॉम्प्युटरची ओळख करून देतो. २०१२ साली घेतलेला, असेंबल केलेला, विंडोज ७ असलेला. मॉनिटर एकदा बदलला, एसएमपीएस दोनदा जळाला. कीबोर्डवरची 'ए' आणि 'एस' ही अक्षरं पुसली गेली आहेत. पाहुणे म्हणतात, "भंगारात द्या आता." पण माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं त्या डब्यात आहेत. श्रीलिपीत टाइप केलेल्या मराठीच्या प्रश्नपत्रिका आहेत, इनपेजमध्ये केलेल्या उर्दूच्या आहेत. यातल्या बऱ्याच फायली नव्या लॅपटॉपवर उघडायला गेलं की अक्षरांची खिचडी होते. म्हणून तो डबा अजून आमच्या बैठकीच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी, प्लास्टिकचं कव्हर पांघरून बसलेला आहे. अनेक शिक्षकांच्या घरी असाच एखादा असतो.

आणि त्यात फक्त प्रश्नपत्रिका नसतात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी गोळा केलेले मुलांचे आधार क्रमांक असतात, पालकांच्या बँकखात्यांचे नंबर असतात, जन्मतारखा असतात, 'सरल'वर भरण्यासाठी केलेल्या याद्या असतात. शाळेत वेळ मिळत नाही, नेट चालत नाही, म्हणून आपण हे सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन घरी येतो. पन्नास-साठ कुटुंबांची माहिती आपल्या बैठकीत पडून असते आणि त्याच कॉम्प्युटरवर शेजारचा मुलगा गेम खेळायला येतो. ही माहिती आपल्याकडे अमानत आहे. हा शब्द आपण जुम्याच्या बयानात नेहमी ऐकतो, पण डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर ३' नावाने पडलेल्या यादीला तो लागू होतो हे लक्षात येत नाही. तेव्हा लॉक हवंच. त्या सरांचा प्रश्न अगदी रास्त होता.

आता लॉक लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे बहुतेक लोक फसतात, मीही फसलो होतो.

बी.एड. झाल्यावर मी जो पहिला कॉम्प्युटर घेतला तो सेकंडहँड होता, विंडोज ९८ चा. सुरू करताना तो नाव आणि पासवर्ड विचारायचा. मला वाटायचं, वा, कुलूप लागलं. एक दिवस माझ्या धाकट्या भावाने एस्केपचं बटण दाबलं आणि तो सरळ आत गेला. तो पासवर्ड दाराचा नव्हताच. कोणाची मांडणी दाखवायची एवढंच तो ठरवायचा. शिवाय त्या काळची डिस्क एफएटी ३२ पद्धतीची असायची. या पद्धतीत फाइल कोणाची आहे, कोणी उघडावी, ही नोंदच ठेवलेली नसते. नोंदच नाही तर अडवणार कोण?

मग विंडोज एक्सपी आलं. त्यात डिस्क एनटीएफएस पद्धतीची असेल तर प्रत्येक फाइलीला मालक असतो आणि कोणाला परवानगी आहे याची यादी असते. पण घरोघरी जी होम आवृत्ती होती तिच्यात ही यादी दाखवणारा सिक्युरिटीचा भाग नेहमीच्या वेळी दिसतच नसे, सेफ मोडमध्ये गेल्यावरच दिसायचा. आपल्या स्वतःच्या फोल्डरला 'प्रायव्हेट' करायची एक टिकमार्क होती, तीही फक्त आपल्या अकाउंटच्या आतल्या फोल्डरपुरती. आणि गंमत अशी की, त्याच सेफ मोडमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर नावाचं एक अकाउंट दिसायचं, ज्याला बहुतेक घरांत पासवर्डच नसायचा. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागचं दार सताड उघडं.

याशिवाय आपल्याकडे काही 'गल्लीतले उपाय' फार चालले. एक म्हणजे फोल्डर लपवणं, म्हणजे हिडन करणं. आठवीतला मुलगासुद्धा फोल्डर ऑप्शनमध्ये जाऊन लपवलेलं बाहेर काढतो. दुसरा म्हणजे नोटपॅडमध्ये काही ओळी चिकटवून बनवलेली लॉकरची बॅच फाइल. डबल क्लिक केलं की ती पासवर्ड विचारते आणि फोल्डर गायब करते. लोकांना फार भारी वाटतं. पण त्याच फाइलीवर राइट क्लिक करून एडिट म्हटलं की आपला पासवर्ड साध्या अक्षरांत समोर येतो. किल्ली कुलपालाच टांगून ठेवल्यासारखं. तिसरा उपाय म्हणजे नेटवरून उतरवलेली फुकटची लॉकर सॉफ्टवेअर्स. त्यांच्यातलं एखादं बिघडलं किंवा विंडोज पुन्हा टाकावं लागलं की आपलेच कागद आपल्याला सापडत नाहीत.

मग खरं कुलूप कोणतं? माझ्या समजुतीप्रमाणे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. एक पडदा, दुसरी तिजोरी.

पडदा म्हणजे घरातल्या प्रत्येकाचं वेगळं अकाउंट. विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेलमधून हे दहा मिनिटांत होतं. प्रत्येकाला 'स्टँडर्ड' प्रकारचं अकाउंट आणि स्वतःचा पासवर्ड द्यायचा. मग एकाच्या डॉक्युमेंट्समध्ये दुसऱ्याला सहज जाता येत नाही. चुकून फाइल उडवली जाणं, सहज नजर पडणं, लहानग्याने निकालपत्रकावर चित्र काढणं, हे सगळं थांबतं. पण हा पडदाच आहे, भिंत नव्हे. अॅडमिनिस्ट्रेटर असलेला माणूस तो बाजूला सारू शकतो. आणि हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, किंवा लिनक्सची सीडी टाकून कॉम्प्युटर सुरू केला, तर विंडोजची ही परवानग्यांची यादी कोणी विचारतच नाही. दुरुस्तीला दिलेल्या कॉम्प्युटरचं हेच होतं.

तिजोरी म्हणजे फाइलच सांकेतिक करून ठेवणं. विंडोज ७ च्या होम आवृत्त्यांमध्ये बिटलॉकर मिळत नाही, ते अल्टिमेट आणि एंटरप्राइझमध्येच होतं. पण सेव्हन-झिप नावाचं एक फुकट आणि भरवशाचं सॉफ्टवेअर आहे, जे जुन्या मशीनवरही चालतं. त्यात 'सेव्हन-झेड' प्रकार निवडायचा, लांबसा पासवर्ड द्यायचा आणि फाइलींची नावंही झाकायच्या पर्यायावर टिक करायची. नाहीतर आत काय आहे ते नावांवरूनच कळतं. 'दहावी मराठी पूर्वपरीक्षा' एवढं नाव वाचलं तरी पोरांना पुरेसं असतं. मग मूळ फाइल डिलीट करायची, रीसायकल बिनही रिकामा करायचा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवायची. पासवर्ड विसरलात तर मात्र कोणताही दुकानदार ती तिजोरी उघडून देणार नाही, हे आधीच समजून घ्या. आणखी एक. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं आहे. तेव्हा ज्या जुन्या मशीनवर मुलांची माहिती आहे तिला इंटरनेटची वायर न जोडणंच बरं. आम्ही ती काढून टाकली आहे.

फोनवर त्या सरांना मी हे एवढंच सांगितलं. 'कसं' ते सांगितलं. 'कोणापासून' आणि 'कोणासाठी' हे मात्र राहिलं. आता ते.

आमच्या घरी आम्ही पाच माणसं. अम्मी, मी, बायको, अकरावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. वर सांगितलेली पडद्याची व्यवस्था मी तीन वर्षांपूर्वी केली. माझं अकाउंट अॅडमिनिस्ट्रेटरचं, मुलीचं स्टँडर्ड, आणि बाकी दोघांसाठी मिळून एक. अम्मी कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. मुलीने दहावीच्या सुट्टीत एमएस-सीआयटी केलं आणि मग स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलून घेतला. मला अभिमान वाटला होता. लोकांना सांगत फिरलो होतो.

मागच्या हिवाळ्यात ती जरा गप्प गप्प राहायला लागली. संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसायची, काहीतरी टाइप करायची, मी खोलीत आलो की विंडो खाली करायची. बाप म्हणून मनात काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. वर्तमानपत्रं आपण वाचतो. नातेवाइकांचे व्हॉट्सअॅप वाचतो. 'मुलींवर लक्ष ठेवा' हे वाक्य इतक्या बाजूंनी कानावर आदळतं की ते आपलंच मत आहे असं वाटायला लागतं. एका रविवारी ती मामाकडे गेली होती. मी माझ्या अकाउंटमधून सी ड्राइव्हमधलं यूजर्स उघडलं आणि तिच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं.

विंडोज ७ अशा वेळी एक चौकट दाखवतं. तुम्हाला सध्या हा फोल्डर उघडायची परवानगी नाही, कायमची परवानगी हवी असेल तर कंटिन्यू दाबा, असा तिचा आशय. खाली दोन बटणं. मी मुलांना व्याकरण शिकवतो. 'कायमची' हा शब्द मी वाचला, समजला, आणि कंटिन्यू दाबलं.

आत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. ज्याची भीती होती ते होतं की नव्हतं, हेही लिहिणार नाही. काही वाचक म्हणतील, निदान एवढं तरी सांगा. पण 'वाईट काही नव्हतं' असं मी सांगितलं तर त्याचा अर्थ असा होईल की वाईट सापडलं असतं तर माझं डोकावणं बरोबर ठरलं असतं. आणि आतलं सांगणं म्हणजे तो फोल्डर पुन्हा एकदा, या वेळी तुमच्यासमोर, उघडणं. हा लेख लिहायची परवानगी मी मुलीकडून घेतली आहे. आतल्या गोष्टींची मागितली नाही आणि मिळालीही नसती.

मला वाटलं होतं कोणाला कळणार नाही. चार दिवसांनी तिला कॉलेजचा फॉर्म प्रिंट करायचा होता. प्रिंटर माझ्याच अकाउंटवर नीट चालायचा, म्हणून मीच तिला बसवलं. तिने वर्ड उघडलं. वर्ड अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी दाखवतं. त्या यादीत सगळ्यात वर तिच्या फाइलीचं नाव होतं. ती काही बोलली नाही. फॉर्म प्रिंट केला, आपल्या अकाउंटमध्ये गेली, आपल्या फोल्डरवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. परवानगी असलेल्यांच्या यादीत माझं नाव आलेलं होतं. 'कायमची' म्हणजे ते हेच. मी केलेल्या कामाची पावती मशीनने लिहून ठेवली होती.

तिने मला हाक मारली, स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि एवढंच विचारलं, "अब्बू, मेरा फोल्डर तुम खोले क्या?"

मी शिक्षक आहे. वर्गात मुलं खोटं बोलताना कशी दिसतात हे मला चांगलं माहीत आहे. त्या क्षणी माझा चेहरा तसाच दिसत असणार. आधी म्हणालो, "बॅकअप घेत होतो." मग म्हणालो, "तुझ्या काळजीपोटी." ती म्हणाली, "पूछे होते तो मैं बताती थी." विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि उठून आत गेली. त्यानंतर दोन महिने तिने त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं.

त्या दिवसांत मला एक किस्सा सारखा आठवत राहिला. आपल्या वाजांमध्ये हजरत उमर यांच्याविषयी तो सांगितला जातो. रात्री गस्त घालताना एका घरातून त्यांना गैर आवाज आला, तेव्हा ते भिंत चढून आत उतरले आणि घरमालकाला दटावलं. तो म्हणाला, मी एक गुन्हा केला असेन, तुम्ही तीन केलेत. पाळत ठेवू नका असा हुकूम असताना पाळत ठेवली, दारातून या असं सांगितलेलं असताना भिंतीवरून आलात, आणि परवानगी व सलामाशिवाय आत आलात. खलिफा निरुत्तर झाले. हा किस्सा मी स्वतः मुलांना किती वेळा सांगितला आहे. ज्या भिंतीवरून मी उतरलो तिच्यावर 'कंटिन्यू' लिहिलेलं होतं एवढाच फरक.

सूरह नूरमध्ये घरात शिरण्याआधी परवानगी घ्यायचा हुकूम आहे, हे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. घरातल्या मुलांनीसुद्धा दिवसातल्या तीन वेळांना, म्हणजे फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नंतर, विचारूनच मोठ्यांकडे जावं असं तिथे सांगितलं आहे. आणि आईच्या खोलीत जातानाही परवानगी घ्यावी का, या प्रश्नाला पैगंबरांनी होकार दिल्याची रिवायत इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. हे सगळं आपण मुलांना घोकून घेतो. पण आपण ते नेहमी एकाच दिशेने शिकवतो: मुलांनी मोठ्यांच्या दारावर टकटक करावी. मोठ्यांनी मुलांच्या दारावर करावी की नाही, यावर बयान मी तरी ऐकलेलं नाही. ज्या नियमाचं कारणच नजर आहे, तो नियम फक्त लहानांच्या नजरेला कसा लागू होईल?

दुसरी एक गोष्ट. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आपल्या समाजात त्या निकालाचं स्वागत झालं. सरकारने आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या फोनमध्ये, आमच्या कागदपत्रांत डोकावू नये, हे आपण तावातावाने बोलतो आणि बरोबरच बोलतो. माझ्यावर कोणी विनाकारण संशय घेतला की मला किती लागतं हे मला माहीत आहे. भाडेकरू म्हणून घर शोधताना, गाडीवर बॅग तपासली जाताना, नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलताना. संशयित म्हणून जगणं काय असतं हे कळणाऱ्या माणसाने घरात आल्यावर आपल्याच मुलीला संशयित करावं, याला काय म्हणावं?

आणि हे फक्त मुलींपुरतं नाही. आजूबाजूला बघा. किती घरांत नवऱ्याच्या फोनला पासवर्ड असतो आणि बायकोच्या फोनला नसतो, किंवा असतो तो नवऱ्याला माहीत असतो. "आमच्यात लपवण्यासारखं काही नाही," असं नवरा म्हणतो. बायकोचं उघडं असतं आणि त्याचं बंद. आमच्या घरीही तेच होतं. पाच माणसांत अॅडमिनिस्ट्रेटर एकटा मी. बायकोचं अकाउंट मुलाबरोबर सामायिक. बायको मला एकदा म्हणाली होती, "मला कुठे काय ठेवायचं असतं?" मी ते खरं मानलं. नंतर कळलं, ती आपला हिशेब आणि भिशीची नोंद शिलाईच्या डब्यात, बॉबिनखाली, कागदावर ठेवते. ठेवायचं नव्हतं असं नाही, ठेवायला जागा नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण ते पोकळ नाही. माझे एक स्नेही म्हणाले, "सर, हे सगळं पुस्तकी झालं. पोरं नेटवर काय बघतात, कोण त्यांना फसवतं, हे बघायची जबाबदारी बापाचीच ना?" आहे. पाचवीतल्या मुलाला मी मोकळं सोडलेलं नाही. त्याच्या अकाउंटला पॅरेंटल कंट्रोल लावलं आहे, किती वाजेपर्यंत बसायचं आणि कोणते गेम खेळायचे हे ठरलेलं आहे. पण ते त्याला माहीत आहे. त्याच्यासमोर बसून लावलं, का लावलं ते सांगितलं. लक्ष ठेवणं आणि पाळत ठेवणं यातला फरक माझ्या मते हाच आहे. लक्ष समोरून ठेवलं जातं, पाळत मागून. आणि वय वाढेल तसं लक्ष कमी व्हायला हवं. अकरावीतल्या मुलीविषयी खरोखर धास्ती वाटत असेल तर तिच्याशी बोलायचं, तिच्या आईला बोलायला सांगायचं. बोलण्याची हिंमत नसते म्हणून आपण फोल्डर उघडतो. फोल्डर उघडणं सोपं असतं, तिथे कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

शिवाय व्यवहाराचंही बघा. चोरून वाचल्याने मला काय मिळालं? जे कळलं त्याविषयी मी बोलू शकत नव्हतो, कारण बोललो असतो तर कसं कळलं हे सांगावं लागलं असतं. आणि तिने पुढचं काही लिहिलं असेल तर ते दुसरीकडे कुठेतरी, जिथे माझा हात पोचत नाही. म्हणजे लक्ष ठेवायला गेलो आणि जे समोर दिसत होतं तेही गमावलं.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. रमजानच्या आधीच्या रविवारी सगळे त्या कॉम्प्युटरसमोर बसलो. मी अम्मींसकट सगळ्यांसमोर मुलीची माफी मागितली. सोपं नव्हतं. आमच्या अम्मींच्या पिढीत बापाने मुलीची माफी मागायची पद्धत नव्हती, त्या जरा चपापल्या, पण काही बोलल्या नाहीत. मग मुलीनेच नवी मांडणी केली. चौघांची चार अकाउंट, चारही स्टँडर्ड. माझंसुद्धा. अॅडमिनिस्ट्रेटरचं एक वेगळं अकाउंट, जे रोज वापरायचं नाही. त्याचा पासवर्ड तिने कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि तोंडावर चौघांनी सह्या केल्या.

ही कल्पना माझी होती, शाळेतून घेतलेली. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांचं पाकीट वर्गात दोन विद्यार्थ्यांना दाखवून, त्यांच्या सह्या घेऊन फोडतात. पर्यवेक्षकावर विश्वास नाही म्हणून नव्हे. उद्या कोणी शंका घेतली तर पर्यवेक्षकालाही साक्षीदार असावा म्हणून. आमच्या घरचं पाकीट अम्मींच्या कपाटात, त्यांच्या मुसल्याच्या खाली असतं. सॉफ्टवेअर टाकायचं असेल, काही बिघडलं असेल, तर दोघांच्या समक्ष ते फोडायचं, काम करायचं, पासवर्ड बदलायचा आणि नवं पाकीट करायचं. आतापर्यंत एकदाच फोडलं, प्रिंटर बदलला तेव्हा.

शाळेची सगळी माहिती सेव्हन-झिपच्या तिजोरीत गेली. त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही, कारण ते का बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोने आपल्या अकाउंटमध्ये एक फोल्डर केला आहे. त्याचं नाव काय, आत काय, मला माहीत नाही. मुलीच्या फोल्डरच्या यादीतून माझं नाव काढायचं होतं, ते तिने माझ्याकडून काढून घेतलं. स्वतःच्या अकाउंटमध्ये लॉगिन केलं, खुर्चीवरून उठली, मला बसवलं आणि म्हणाली, "तुमिच निकालो." मी माझ्या नावावर क्लिक करून रिमूव्ह दाबलं.

ती आता पुन्हा त्या कॉम्प्युटरवर बसते. सगळं पूर्वीसारखं झालं असं म्हणणार नाही. मी खोलीत आलो की विंडो अजूनही कधी कधी खाली जाते. आता मी दारातूनच खोकतो आणि मग आत येतो.

तर त्या सरांना, आणि ज्यांच्या घरी असा जुना डबा आहे त्या सगळ्यांना, माझं उत्तर असं. लॉक जरूर लावा. शाळेच्या मुलांच्या माहितीला आधी लावा, कारण ती तुमची नाही. बॅच फाइलीच्या भानगडीत पडू नका. पण पोरांपासून आपलं काय लपवायचं एवढाच विचार करून थांबू नका. त्याच बैठकीत घरातल्या प्रत्येकाला, बायकोला, आईला, मुलीला, स्वतःचं अकाउंट आणि स्वतःचा पासवर्ड द्या, आणि तो विचारू नका. कडी आतून लावायची असते. ती लावायचा हक्क फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाला असेल, तर बाकीच्यांना ती बाहेरून लावलेलीच वाटणार.